तोंडातली नागीण: दाढ काढण्याआधी

“साहेब, हाई दाढ काढी टाका, रातभर डोया लागना नही.”

अमळनेर-पारोळ्याकडचा साठीपुढचा पेशंट गालावर हात ठेवून खुर्चीत बसतो आणि डाव्या खालच्या दाढांकडे बोट करतो. नक्की कोणती? आधी शेवटची, मग तिच्या अलीकडची, मग म्हणतो सगळी बाजूच. दंतवैद्याने इथे हात आवरायचा असतो. किडलेली दाढही दुखणं इकडेतिकडे पाठवते, पण चार-पाच दात, हिरडी, ओठ आणि हनुवटीची कातडी एकाच वेळी जळते, चुरचुरते, ठणकते असं कोणी सांगितलं, तर दुखणं दाताचं असण्यापेक्षा नसेचं असण्याची शक्यता वाढते. कांजण्यांचा विषाणू नागीण होऊन जागा होतोय का, हा प्रश्न त्याच वेळी मनात यायला हवा. पुरळ तेव्हा कुठेच नसतं. बहुतेकांत ते एक ते चार दिवसांनी दिसतं, काहींना आठवडाही लागतो.

अडचण अशी की आपल्याकडे साठीच्या माणसाचं तोंड निर्दोष सापडतंच कुठे? तंबाखूने हिरड्या मागे सरलेल्या, दात झिजलेले, एखादी जुनी कीड, एखादं हलणारं मूळ. गुन्हेगार शोधायला निघालं की तो मिळतोच. मग ती दाढ धरली जाते, रूट कॅनाल सुरू होतं किंवा दाढच निघते. त्यात आणखी एक चकवा आहे. भुलीचं इंजेक्शन दिलं की दुखणं बऱ्याचदा थांबतं, आणि डॉक्टर व पेशंट दोघांनाही वाटतं की दाढच दोषी होती. पण भूल नसेला दिलेली असते. त्या नसेवरचं सगळंच काही वेळ गप्प होतं, त्यावरून दाढेचा दोष सिद्ध होत नाही. दोन दिवसांनी हनुवटीवर पाण्याचे फोड येतात आणि घरचे म्हणतात, “त्या सुईनेच झालं.” सुईच्या आधीपासून दुखत होतं, हे तेव्हा कोणी ऐकून घेत नाही.

तपासणी दहा मिनिटांची असते. आरशाच्या दांड्याने एकेक दात वरून आणि बाजूने हलकेच ठोकायचा. मग बर्फ. इंजेक्शनच्या सुईच्या टोपणात पाणी भरून फ्रीजरला ठेवलं की पेन्सिलीएवढी बर्फाची काडी तयार होते. ती कोरड्या केलेल्या दातावर, हिरडीपासून थोडी वर टेकवायची. सुरुवात चांगल्या बाजूच्या दातापासून करावी, म्हणजे पेशंटला ‘नेहमीचं थंड’ म्हणजे काय ते कळतं. निरोगी दाताला थंड लागतं आणि काडी उचलल्यावर एक-दोन सेकंदांत जातं. आतून सुजलेल्या दातात ती कळ अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त रेंगाळते. मेलेल्या दाताला काहीच लागत नाही. नागिणीच्या पहिल्या दिवसांत तक्रारीच्या बाजूचे सगळे दात साधारण नेहमीसारखं उत्तर देतात, एक्स-रेमध्येही तक्रारीच्या मानाने काही दिसत नाही. मग कापसाची वात ओढून तिचं टोक हनुवटीच्या दोन्ही बाजूंवरून फिरवायचं. उजवीकडे “कापूस लागतोय” म्हणणारा माणूस डावीकडे मान मागे घेतो, किंवा म्हणतो “इथं काहीतरी वेगळंच वाटतं.” दाढीचं पातं किंवा पंख्याचा वारा त्याच बाजूला नकोसा होतो का, हेही विचारावं. किडलेल्या दाढेमुळे कातडी अशी हुळहुळी होत नाही.

एवढं जुळलं की मशीन खाली ठेवायचं. पॅरासिटामॉल द्यायची आणि पेशंटला किंवा मुलाला सांगायचं: सकाळ-संध्याकाळ बॅटरीच्या उजेडात तोंड बघा, मोबाइलवर फोटो काढा, लाल चट्टा किंवा फोड दिसला की त्याच दिवशी या. थोडे पेशंट असेही असतात ज्यांना फोड कधीच येत नाहीत, नुसतंच दुखतं. त्यांचं निदान अवघड, ते मोठ्या दवाखान्याचं काम.

हे एकाच बाजूला का होतं? चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला संवेदना वाहून नेणारी एक मोठी नस आहे. कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या भागात खोलवर तिची गाठ असते आणि तिथून तीन फांद्या निघतात. ठिबक सिंचनवाल्याला हे लगेच कळतं: एका फिल्टरपासून तीन सबमेन, म्हणजे पोटनळ्या. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या की विषाणू शरीराबाहेर जात नाही, अशा गाठींमध्ये वर्षानुवर्षं झोपून राहतो. वय, मधुमेह, स्टिरॉइडच्या गोळ्या, कॅन्सरची औषधं, एचआयव्ही यांनी प्रतिकारशक्ती खाली आली की तो जागा होऊन एका सबमेनने खाली उतरतो आणि तिच्याखालचीच झाडं पिवळी पडतात. पहिली फांदी कपाळ आणि डोळ्याची. दुसरी खालची पापणी, नाकाची बाजू, वरचा ओठ, वरचे दात आणि टाळूची. तिसरी खालचा ओठ, हनुवटी, खालचे दात, गालाचं अस्तर, जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग आणि कानाच्या पुढून कानशिलापर्यंतची पट्टी. तोंडात नागीण येते ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या फांदीची.

टाळूवरची नागीण एकदा पाहिली की विसरत नाही. आरसा जिभेवर टेकवून वर बघितलं की डावा अर्धा भाग लाल, त्यावर मोहरीएवढे किंवा थोडे मोठे फोड, कुठे ते फुटून पिवळट-पांढरा पापुद्रा धरलेल्या उथळ जखमा एकमेकींत मिसळलेल्या. आणि टाळूच्या मधोमध, फुटपट्टीने आखावी तशी रेषा. त्या रेषेपलीकडे उजवीकडे गुलाबी, स्वच्छ टाळू. तोंडाचं अस्तर पातळ आणि ओलं, त्यावर भाकरीचं घासणं, म्हणून फोड काही तासांतच फुटतात. पेशंट येईपर्यंत बहुधा जखमाच उरतात. कातडीवर मात्र फोड टिकतात, दोन-चार दिवसांत गढूळ होतात, सात ते दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत भरतात.

चुकीचं निदान होतं ते याच जखमांवर. गावात पहिलं उत्तर ठरलेलं: उष्णता बाहेर पडली, तोंड आलं. मेडिकलवरून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि एखादी जेल येते, सब्जा भिजत पडतो, आणि दोन दिवस तसेच जातात. साधं तोंड येतं ते बहुधा ओठाच्या आत, गालात, जिभेखाली, म्हणजे हलणाऱ्या मऊ अस्तरावर. त्याआधी फोड नसतो आणि बाजूचा नियमही नसतो. नागीण हिरडी आणि कडक टाळूवरही बसते आणि मधली रेष पाळते. दुसरी गफलत तंबाखू-चुन्याची. खालच्या ओठात बार भरायची जागा चुन्याने भाजते, पांढरी पडते, सोलवटते. पण ती त्या जागेपुरतीच राहते आणि तिच्या आधी दोन रात्रींचा ठणका नसतो. दुखऱ्या दाढेशी लवंग तेल, बाम किंवा डोकेदुखीची गोळी दाबून ठेवणाऱ्यांची हिरडीही अशीच भाजते, म्हणून “काय लावलं होतं?” हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. तापानंतर ओठावर उमटणारा ‘जर’, म्हणजे बारीक फोडांचा पुंजका, वेगळ्या विषाणूचा असतो. तो पुन्हा पुन्हा येतो आणि छोट्या जागेत राहतो. निदान अडलंच तर जखमेच्या तळाचा स्वॅब पीसीआरला पाठवता येतो, पण रिपोर्टची वाट बघत औषध थांबवायचं नाही.

कारण विषाणूवरचं औषध सुरू करायचं घड्याळ ७२ तासांचं आहे आणि ते पहिला चट्टा किंवा फोड दिसल्यापासून चालू होतं, दवाखान्यात आल्यापासून नव्हे. धडगावच्या डोंगरातून नंदुरबारला उतरायलाच ज्याचा दिवस जातो, त्याचे त्यातले २४ तास रस्त्यावर खर्च होतात. तीन दिवस उलटले म्हणून औषध द्यायचंच नाही असंही नाही. नवे फोड येत असतील, डोळा किंवा कान गुंतला असेल, शुगर अंगात मुरलेली असेल, तर उशिरानेही देतात.

औषध पोटातून. असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. म्हणजे एकूण ३५ गोळ्या. किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, सात दिवस. गोळी ५०० ची मिळाली तर एका वेळी दोन, एकूण ४२. व्हॅलासायक्लोव्हिर महाग पडते, पण शेतात जाणाऱ्याची दुपारची गोळी चुकतेच, त्यामुळे तीन वेळेचं औषध जास्त पार पडतं. आमचा कल तिकडेच असतो. सर्वात जास्त दिसणारी चूक डोसाची. ओठावरच्या जरासाठी असायक्लोव्हिर २०० किंवा ४०० ची देतात, तीच चिठ्ठी नागिणीला चालवली जाते. नाव तेच, पण मात्रा निम्मी-पाव, आणि मग “औषध घेतलं तरी गुण नाही.” ट्यूबमधलं मलम तोंडात लावून काही साधत नाही. मोठी गोळी गिळताना टाळू सोलून निघत असेल तर पाण्यात विरघळणारी मिळते का ते विचारावं.

आता मूत्रपिंड. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. साठीपुढचा, शुगर-बीपीवाला, वर गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक खाणारा पेशंट असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय याची तपासणी) बघायचं आणि डोस त्याप्रमाणे कमी करायचा. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, तोंड दुखतं म्हणून माणूस पाणी पीत नाही, घाम मात्र धो-धो. अशा वेळी औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, मोजून, बाटलीने. गोळ्या सुरू असताना म्हातारा माणूस बरळू लागला, भास व्हायला लागले, झोपेतून उठेना, तर औषध अंगात साचलं असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मेंदूलाच विषाणूची सूज आली असेल तरी दवाखानाच. ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून अशा माणसाला भगताकडे नेलं जातं, आणि तेवढ्यात मूत्रपिंड हातचं जातं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम सहा-सहा तासांनी. तेवढ्याने रात्र निघत नसेल तर नसेच्या दुखण्याची औषधं, गॅबापेंटिन ३०० किंवा अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम रात्री, अशी कमी मात्रेने सुरू करतात. पहिल्या काही दिवसांत चक्कर आणि गुंगी येते, म्हणून रात्री लघवीला उठताना कुणीतरी सोबत हवं आणि सकाळी मोटारसायकल नको. स्टिरॉइडने सुरुवातीचा ठणका थोडा कमी होतो, पण मागे राहणारं दुखणं टळत नाही आणि शुगर मात्र चढते.

पेशंटला सगळ्यात मोठा प्रश्न जेवणाचा. ठेचा, शेवभाजीचा रस्सा, कळण्याची कडक भाकरी, लिंबू, टोमॅटो हे दहा दिवस बंद. मऊ भात-तूप, घोटलेली मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेलं केळं, नागलीची कोमट आंबील, दही चुरचुरलं नाही तर दही. केळ्याच्या जिल्ह्यात केळं सांगायला सोपं, पण मूत्रपिंडाच्या पेशंटला ते विचारूनच, त्यात पोटॅशियम असतं. सगळं कोमट किंवा गार. चावणं चांगल्या बाजूने. जेवणाआधी दहा मिनिटं लिग्नोकेनची २ टक्क्यांची जेल कापसाने फक्त जखमांवर टेकवायची आणि लाळ थुंकून टाकायची. घसा बधिर झाल्यासारखा वाटला तर तो मोकळा होईपर्यंत घास घ्यायचा नाही. बधिर तोंडाने गरम चहा प्यायला तर भाजलेलं कळत नाही, आणि गाल चावला जातो तो वेगळाच.

गुळण्या: पेलाभर, म्हणजे २०० मिलिलीटर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा. बेन्झिडामाइनचं माउथवॉश १५ मिलिलीटर, अर्धा मिनिट तोंडात घोळवायचं, झोंबलं तर तेवढंच पाणी मिसळायचं. ब्रश करवत नसेल तितके दिवस क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, १० मिलिलीटर, एक मिनिट, दोन वेळा. टूथपेस्टनंतर लगेच नको, अर्ध्या तासाने. दात त्याने तपकिरी पडतात, ते नंतर साफ होतात. ब्रश बंद करून मशेरी लावणं हा मात्र उलटा उपाय. कवळी असेल तर टाळूवरची प्लेट जखमा घासते, म्हणून जेवणापुरतीच किंवा अजिबात नाही, आणि काढलेली कवळी पाण्यात.

घरात दुसऱ्याला नागीण ‘लागत’ नाही. पण ज्याला कांजण्या आल्याच नाहीत आणि लसही नाही, त्याला फोडांच्या पाण्यातून कांजण्या होऊ शकतात. कांजण्यांची लस सरकारी लसीकरणाच्या यादीत नाही, त्यामुळे पुष्कळ लहान मुलं उघडी असतात. कातडीच्या सगळ्या फोडांवर खपली येईपर्यंत वेगळा पेला, वेगळा टॉवेल. तोंडात खपली धरत नाही, तिथे जखमा भरेपर्यंत हाच नियम. नातवाचा पापा नाही, आणि गरोदर सून, तान्हं बाळ, केमो घेणारा माणूस यांच्यापासून अंतर. गरोदर बाईला कांजण्या आल्या होत्या की नाही हे माहीत नसेल आणि संपर्क झाला असेल, तर तिच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं.

गेरू, दूर्वा-तांदळाचा लेप आणि ‘नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस जातो’ ही भीती, हे सगळं घरोघरी आहे. विळखा पुरा होत नाही तो नसेमुळे: डाव्या फांदीची हद्द मध्यरेषेला संपते. क्वचित दोन्ही बाजूंना आली तर प्रतिकारशक्ती तपासायला हवी, तरुण पेशंटला एचआयव्हीची तपासणी सुचवायला हवी. गेरूबद्दल आमची तक्रार एवढीच की ओल्या फोडांवर माती बसली की पू होतो आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. आजीने लेप लावायचाच हट्ट धरला तर न फुटलेल्या कातडीवर, कडेकडेने; आणि गोळ्या चालू ठेवून.

दोन खुणा दिसल्या की दाताच्या डॉक्टरांनी केस स्वतःकडे ठेवू नये. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड आला तर डोळा धोक्यात: त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. आणि कानात ठणका, कानाच्या भोकात फोड, जिभेच्या पुढच्या भागाची चव गेलेली, चक्कर, आणि एका बाजूचं तोंड वाकडं, पापणी मिटत नाही, तर ती चेहरा हलवणाऱ्या नसेची नागीण. जेम्स रॅम्से हंट यांनी १९०७ मध्ये तिचं वर्णन केलं, तेच नाव तिला आहे. आपल्याकडे तिला ‘वारं गेलं’ म्हणत मालिशवाल्याकडे नेतात. इथे विषाणूच्या गोळ्यांसोबत स्टिरॉइडही लागतं, आणि तेही पहिल्या तीन दिवसांत. मिटत नसलेल्या डोळ्यात दिवसा थेंब, रात्री मलम टाकून पापणी चिकटपट्टीने बंद. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा आणि डोळे एकाच आवारात बघून होतात.

जखमा भरल्या की पेशंट येणं बंद करतो. ते बरोबर नाही. क्वचित, विशेषतः बेताल शुगर किंवा एचआयव्ही असलेल्यांत, काही आठवड्यांनी त्याच बाजूची हिरडी मागे सरते, खालचं हाड पिवळट उघडं पडतं आणि दात न दुखता हलू लागतात, कधी हातात येतात. जबड्याच्या त्या तुकड्याचा रक्तपुरवठा गेलेला असतो. अशा हाडाला बोटाने किंवा काडीने कोरायचं नाही, एक्स-रे काढून मुखशल्यचिकित्सकाकडे पाठवायचं.

आणि मागे राहणारा ठणका. पुरळ आल्यापासून ९० दिवसांनंतरही दुखत असेल तर नसेला इजा झाली आहे असं धरतात. वय जितकं जास्त तितकी ही शक्यता जास्त. जळजळ, विजेचा झटका, गुळणीचं पाणी लागलं तरी कळ. पेशंट पुन्हा तीच मागणी घेऊन येतो: “आता तरी काढा.” गळती सबमेनला आहे, ड्रिपर बदलून काय होणार, हे सांगितलं की शेतकरी हसतो आणि ऐकतो. आमचं न ऐकता दुसरीकडे तीन-तीन दात काढून घेतलेलेही येतात, ठणका तसाच. इथे गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन हळूहळू वाढवत नेतात. झटक्याच्या दुखण्यासाठी सर्रास लिहिली जाणारी कार्बामाझेपिन या दुखण्यात पहिली निवड नाही.

नागीण एकदा येऊन गेली म्हणजे पुन्हा येणार नाही असं नाही. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ पासून मिळते, ५० वर्षांपुढच्यांसाठी, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दंडात दोन डोस. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांना नव्वद टक्क्यांहून जास्त संरक्षण दिसलं. आजार पूर्ण ओसरल्यावर ज्यांना येऊन गेली त्यांनाही देतात. दोन डोसांचा खर्च पाच आकडी होतो, त्यामुळे अजून तरी आमच्याकडे विचारणारे जास्त आणि घेणारे कमी.

आमच्याकडे तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच बाजूचे दात पुन्हा बघतो, कारण नागिणीनंतर एखाद्या दाताची आतली नस सावकाश मरते आणि रंग काळपट पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. तीच टोपणातली बर्फाची काडी, आधी चांगल्या बाजूला, मग या बाजूला. ज्या दाताला थंड लागलं नाही त्याचा एक्स-रे, आणि मुळाशी काळी सावली दिसली तर रूट कॅनाल. या वेळी मात्र ते खरोखर त्या दाताचं असतं.